वैरणीची लढाई : देहू ते नंदुरबार

शुक्रवार : देहू, तुळापूर, बार्शीची वाट

१६३० सालच्या पावसाळ्यात दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पाऊस फिरकलाच नाही. नेमका त्याच वर्षी शाहजहान बादशहा बऱ्हाणपुरात तळ ठोकून बसला होता. त्याचा बंडखोर पठाण सरदार खानजहान लोदी निजामशाहीच्या आसऱ्याला गेला होता आणि त्याला धरायचं निमित्त करून निजामशाहीच गिळायची होती. पुढची तीन-चार वर्षं मोगल, निजामशाही आणि आदिलशाही हे तीन शेजारी एकमेकांना भिडत राहिले. लढाईची कारणं राजकारणातली. ती कुठे जिंकली आणि कुठे हरली जायची, हे मात्र घोड्याच्या तोबऱ्यात काय पडतं यावर ठरत होतं. वाचून वाचून माझं हे मत पक्कं होत चाललं होतं, पण ज्या मुलखात हे घडलं तो सलग पाहिलेला नव्हता.

सोबतीला दाजी. आमच्या ताईचे यजमान. परांड्याच्या अलीकडे त्यांची शेती आहे आणि इतिहासाचं त्यांना तसं काही पडलेलं नाही. "ज्वारीची काढणी उरकली की येतो पाव्हणं, तवर किल्ले कुठं पळून जात न्हाईत," म्हणाले. म्हणून फेब्रुवारीची अखेर. काही कामासाठी ते पुण्याला आलेच होते, तेव्हा त्यांच्याच गाडीतून निघालो.

देहूला थांबायचं कारण उघड आहे. तुकोबांचं घर महाजनकीचं, दुकानदारीचं. याच दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला, धंदा बुडाला. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. मला ती मुलखाच्या हिशेबाची वाटते. खतावर नाव असलेली किती कुळं तेव्हा जिवंत होती, कुणास ठाऊक.

तुळापूर तिथून जवळ. संभाजीराजांची समाधी म्हणून लोक येतात. पण गावाचं नाव ज्यावरून पडलं म्हणतात ती कथा आदिलशाहीच्या मुरार जगदेवाची. त्याने हत्ती नावेत चढवला, नाव किती बुडाली त्याची खूण केली आणि तेवढ्या भाराचं दान केलं. हे १६३३ सालचं सांगतात. हाच मुरार जगदेव, ज्याने त्याआधी दोन-तीन वर्षं पुणं जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला होता. संगमावर घाट बांधलाय, वारा चांगला होता. आम्ही फार रेंगाळलो नाही, कारण दाजींना दिवस मावळायच्या आत घर गाठायचं होतं.

शनिवार : परांडा

परांड्याचा किल्ला भुईकोट. गाव त्याला इतकं चिकटलेलं आहे की खंदकापाशी पोचेपर्यंत अंदाज येत नाही. दुहेरी तट, मध्ये खंदक, आत शिरताना वळणावळणाचा दरवाजा. अहमदनगर १६०० साली मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाही गादी काही काळ इथेच मांडली होती. बुरुजांवर तोफा अजून आहेत. एका खोलीत तोफगोळे रचून ठेवलेले आहेत, दगडीसुद्धा. बरीचशी जागा झुडपांची.

विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ मूळची इथली. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, वजन पंचावन्न टनांच्या आसपास. १६३२ साली मुरार जगदेवाने ती इथून विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लावले होते असं सांगतात. आम्हाला किल्ला दाखवायला आपणहून आलेल्या पोराने हे सगळं कळकळीने सांगितलं. दाजी म्हणाले, "चारशे बैल? दुष्काळात? खायला काय घातलं त्यांना?" पोरगं गप्प.

पण प्रश्न तोच आहे. १६३१ साली मोगल सरदार आझमखान धारूर घेऊन परांड्यावर चालून आला. मोर्चे लावले, खंदकापर्यंत खणत आणले. आणि मग वेढा उठवून परत गेला. तोफांना घाबरून नव्हे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी आपल्या बाजूची माघार सांगताना सहसा शब्द फिरवतो, पण इथे त्याने सरळ लिहिलंय : आसपासच्या कित्येक कोसांत गवताची काडी राहिली नव्हती. तीन वर्षांनी, १६३४ साली, शाहजादा शुजा आणि महाबतखान पुन्हा इथेच आले. पुन्हा तेच. वैरण लांबून आणायची, आणायला गेलेल्या टोळ्यांवर आदिलशाही घोडेस्वार तुटून पडायचे, मग पाऊस तोंडावर आला आणि वेढा उठला. किल्ला दोनदा वाचला तो तटामुळे नव्हे, तटाबाहेरच्या उजाड माळामुळे. तट दाखवायला पोरगं आहे. माळ दाखवणारं कुणी नाही.

दुपारी बुरुजाच्या सावलीत बसून दाजींनी हिशेब केला. मी आकडा दिला, समजा वीस हजार घोडी. खरा आकडा वर-खाली असेल.

"घोड्याला सुका चारा रोज धा किलो तरी धरा. तेबी कमीच. म्हंजे दिवसाला दोनशे टन. आता मालदांडी चांगली पिकली, तर एकरी दोन टन कडबा. रोज शंभर एकर साफ."

"आणि पिकलीच नसली तर?"

"मग घराची छपरं उतरवायची. पाचट, गवत, काय असंल ते. आमच्या आज्यानं केलंय तसं, बैलांसाठी."

त्यात हत्ती, उंट, तोफांचे बैल, सामानाचे बैल धरलेले नाहीत. घोड्याला नुसतं गवत चालत नाही, चंदी लागते, म्हणजे हरभरा किंवा मोठ, म्हणजे माणसाचंच अन्न. आणि छावणीबरोबर बाजारबुणगे येतात, ते लढणाऱ्यांपेक्षा जास्त. असा तळ महिनाभर एका जागी पडला की त्या परगण्यात पुढच्या पेरणीला बियाणं उरत नाही. पाऊस आला तरी बैल नाही, बैल मिळाला तरी बी नाही.

दरवाजाबाहेरच्या हॉटेलात भजी आणि चहा. खमंग.

रविवार : एक पेव, आणि धारूर

सकाळी दाजींच्या चुलत्याच्या वाड्यात गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांच्या ओसरीपुढच्या अंगणात पेव आहे, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. मला तेच पाहायचं होतं.

वरून फक्त एक चौकोनी शिळा दिसते, शेणाने सारवलेली. दोघांनी पहार घालून ती सरकवली. खाली जेमतेम माणूस उतरेल एवढं गोल तोंड, आणि आत ते रांजणासारखं फुगत गेलेलं. आप्पांनी लगेच आम्हाला मागे सारलं. "वाकू नका. उघडल्यावर तसंच ठिवायचं." पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. पूर्वी उघडून ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर उतरायचं नाही. उतरून परत न आलेल्या माणसांच्या गोष्टी या भागात गावोगाव आहेत. आप्पांनी दोन सांगितल्या, दोन्हीत मेलेला माणूस घाईत होता.

मुरमाड जमीन लागते, पाणी धरणारी काळी चालत नाही. आतून कडबा आणि भुसकटाचा थर, मग ज्वारी, वर पुन्हा थर, मग शिळा आणि माती. ज्वारी कित्येक वर्षं टिकते. कडेची काळी पडते, तिला उग्र वास मारतो. "पेवातली भाकर पहिले चार दिस नको वाटती," आप्पा म्हणाले, "मग तोंड वळतं." आता पेव रिकामं आहे. ज्वारी पत्र्याच्या कणगीत असते, आणि अर्धी तर बार्शीच्या अडतीला जाते.

मी विचारलं, लुटारू आले तर पेव सापडायचं कसं? आप्पांकडे वडिलांकडून ऐकलेलं उत्तर तयार होतं. पहारीने ठोकत जायचं, आवाज पोकळ येतो का बघायचं. किंवा अंगणात पाणी ओतायचं आणि कुठे लवकर मुरतं ते बघायचं. आणि तेही नाही जमलं तर घरधन्याला धरायचं. शेवटचं वाक्य त्यांनी हसत सांगितलं, पण त्यांच्या सूनबाई तेवढ्यात म्हणाल्या, "आप्पा, पाव्हण्यांना जेवू द्या की आता."

शेंगोळी, ज्वारीची भाकरी, ठेचा. मग येरमाळा, कळंब, केज करत धारूर.

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या एका सोंडेवर आहे. तीन बाजूंना दऱ्या, चौथ्या बाजूला खंदक खोदलेला. मूळ आदिलशाहीतल्या किश्वरखानाने बांधवलेला, मग निजामशाहीने घेतलेला. परांड्यापेक्षा हा मला आवडला, कारण इथून तो सगळा मुलूख नजरेत येतो. १६३१ च्या जानेवारीत आझमखानाने आधी खालची पेठ लुटली, मग किल्ला घेतला. इथल्या आठवडी बाजाराला बालाघाटातून लोक यायचे, हे दरबारी बखरकाराने मुद्दाम नोंदवलंय. दुष्काळाच्या वर्षी लष्कराला किल्ल्याआधी पेठ का लागते, ते वेगळं सांगायला नको.

इथेच तिन्ही शेजाऱ्यांचं गणित फिरलं. आदिलशाही तोवर मोगलांच्या बाजूने झुकलेली होती. निजामशाहीचा लचका आपल्यालाही मिळेल ही आशा. धारूर आपलं, ते आम्हाला द्या, अशी विजापूरच्या रणदुल्लाखानाची मागणी होती. मोगलांनी ते दिलं नाही. मग विजापूर उलटलं. म्हणून १६३१ च्या अखेरीस आसफखान मोठी फौज घेऊन थेट विजापुरावर गेला. विजापूरकरांनी आधीच आसपासची गावं उजाड केली आणि दाणा शहरात ओढून घेतला. म्हणजे आपल्याच रयतेच्या तोंडचा काढून. मोगल छावणीत धान्य रुपयाला शेर झालं. वीसेक दिवसांत वेढा उठला आणि परतीच्या वाटेवर फौज मिरजेकडचा मुलूख लुटत गेली. जिंकले कोण म्हणायचं ते म्हणा.

धारूर, केज, वडवणी हा ऊसतोड मजुरांचा पट्टा. फेब्रुवारीत वाटेवरची काही घरं कुलूपबंद, ओसरीला म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. खाली पेठेत चहा घेताना एक मावशी भेटल्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या. सुकडीची, म्हणजे तेव्हा मदत म्हणून वाटायच्या त्या खाऊची, चव अजून जिभेवर आहे म्हणाल्या, आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीचं नाव काढताच तोंड वाकडं केलं. तेव्हा निदान सुकडी तरी गावापर्यंत पोचली.

सोमवार : वाटेत

बीड, गेवराई, गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगर. ऊन, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या. संध्याकाळी नान-खलिया. दाजी माळकरी, ते वरणभातावर.

मंगळवार : दौलताबाद, खुलताबाद

दौलताबादला सकाळी लवकर जावं, उन्हाच्या आधी वर पोचता येतं. सहलीची मुलं अंधेरीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरली की किंकाळ्या घुमतात. वटवाघळांचा वास आहे तसाच. सगळे गाइड अंधेरीवर वेळ घालवतात : शत्रूवर उकळतं तेल, उलटे जिने, खंदकातल्या मगरी. हा किल्ला अजिंक्य, हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या गाइडांकडून ऐकलं. १६३३ च्या उन्हाळ्यात तो पडला. अंधेरीत कुणी शिरलंही नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. मलिक अंबर १६२६ साली वारला. १६२९ साली निजामशहाने लखुजी जाधवरावांना याच किल्ल्यात दरबारी बोलावून मुलांसकट मारलं. जिजाऊंचे वडील. त्यानंतर मराठा सरदारांचा भरवसा उडाला तो उडालाच. पुढे अंबरचा मुलगा फत्तेखान याने निजामशहालाच संपवलं आणि लहानग्या हुसेनला गादीवर बसवलं. फत्तेखान एकदा मोगलांशी बोलणी करी, एकदा विजापूरशी. १६३३ साली किल्ला मोगलांना द्यायचं ठरत आलेलं असताना विजापूरने निरोप धाडला : थांबा, आम्ही दाणा आणि वैरण पोचवतो. फत्तेखान फिरला. म्हणजे किल्ल्याचा सौदा शेवटी धान्यावरच झाला.

ते धान्य काही पोचलं नाही, पोचलं ते पुरलं नाही. महाबतखानाने वेढा आवळला. रणदुल्लाखान, मुरार जगदेव आणि तोवर मोगलांना सोडून आलेले शहाजीराजे बाहेरून घिरट्या घालत मोगलांची रसद तोडत होते आणि आत रसद घुसवू पाहत होते. बऱ्हाणपूरकडून येणारे बंजाऱ्यांचे बैल हीच खरी रणभूमी. आम्ही लमाण तांडा म्हणतो तो. बैलाच्या पाठीवर गोण्या, बैल वाटेतच चरणार, बायकापोरं बरोबर. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली आग्रा-पाटणा वाटेवर चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता, सगळे धान्याने लादलेले. असे तांडे नसते तर मोगल फौज नर्मदेच्या अलीकडे महिनाभर टिकली नसती. त्यांचं एक चित्र, एक पाटी किल्ल्यात कुठे दिसली नाही. मेंढा तोफेपाशी मात्र फोटोला रांग.

मी अंबरकोटाच्या तटापाशी बराच वेळ उभा राहिलो. हा बाहेरचा कोट मलिक अंबरचा. मोगलांनी सुरुंग लावून तो फोडला, मग आतला महाकोट. पण फत्तेखान खचला तो आतल्या अवस्थेने. शिबंदी मेलेल्या जनावरांची कातडी खात होती, असं लाहोरी लिहितो. विजापूरकडून आत आलेले काही लोक रात्री दोर टाकून तटावरून उतरले आणि निघून गेले. जूनमध्ये किल्ला मोगलांच्या हाती आला. फत्तेखानाला दहा लाखांवर रुपये मिळाले, पोरसवदा निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्यांत बोलका वाटतो. किल्ला जिंकल्यावर महाबतखानाने आपल्या सरदारांना विचारलं, इथे कोण राहणार? अन्नाची अशी टंचाई की कुणी पुढे येईना. अखेर खान-ए-दौराननं मान डोलावली. दख्खनची राजधानी हातात, आणि तिथे मुक्काम करायला माणूस मिळेना! दाजी यावर एवढंच म्हणाले, "जावयाला हुंड्यात आटलेली विहीर."

वरच्या बारादरीपर्यंत गेलो. वारा होता. खाली रबीची हिरवी-पिवळी शेतं, पेरूच्या बागा. दुपारी खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीशी जाऊन आलो. औरंगजेबाच्या कबरीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मानाने इथे कुणीच नसतं.

बुधवार : बऱ्हाणपूर

सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, जामनेर, भुसावळ, मग सावदा-रावेरच्या केळीच्या बागा. राज्याची हद्द ओलांडली तरी कानावरची मराठी संपत नाही. बऱ्हाणपुरात रिक्षावाला दाजींशी मराठीत बोलला, माझ्याशी हिंदीत. माझ्या टोपीचा परिणाम असावा.

तापीकाठचा शाही किल्ला पाहिला. हमामखान्याच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी पाहिली. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी इथेच चौदाव्या बाळंतपणात वारली आणि नदीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात काही महिने तिला दफन केलेलं होतं. लोक तेवढ्यासाठी येतात. पण ती तारीख दुष्काळाच्या ऐन मध्यावरची आहे, हे कुणी सांगत नाही. तिच्या आजारपणात, तिच्या शोकात, याच शहराच्या वेशीबाहेर काय चाललं होतं? लाहोरीनेच लिहिलंय : लोक भाकरीसाठी जीव विकायला तयार होते आणि घेणारा नव्हता, कुत्र्याचं मांस बकऱ्याचं म्हणून विकलं जाई, मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळत.

मदतही झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेकडे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचे, वीस सोमवार, म्हणजे एक लाख. अहमदाबादला आणखी पन्नास हजार. खालसा, म्हणजे थेट बादशाही वसुलीच्या, मुलखात साऱ्यात सत्तर लाखांची सूट, साधारण अकरावा हिस्सा. सूट याचा अर्थ उरलेल्या दहा हिश्शांची वसुली करायचीच होती. मेलेल्या गावांकडून.

दाजींनी चहाच्या टेबलावर दोन आकडे शेजारी ठेवले. "बऱ्हाणपूरच्या भुकेल्यांना एक लाख. त्या फत्तेखानाला धा लाख."

"त्याच्याकडे किल्ला होता, दाजी."

"तेच म्हंतो मी."

पीटर मंडी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघून याच शहरात आला. वाटभर प्रेतं. आणि बऱ्हाणपुरात पोचल्यावर तो लिहितो की बाजार भरलेला आहे, बादशहाची छावणी असल्यामुळे चोहीकडून माल येतोय. मला या साऱ्या लढाईतली सगळ्यात जड नोंद हीच वाटते. धान्य मुलखात होतं, बैल होते, तांडे होते, वाटाही चालू होत्या. त्या वाटा तळाकडे जात होत्या.

रात्री मावा जिलबी खाल्ली. काळपट, जाड, तुपात निथळणारी. दाजींनी दोन वेळा मागितली.

गुरुवार : चोपडा, थाळनेर, नंदुरबार

परतीला मंडीची वाट उलटी धरली. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. त्याच्या खड्ड्यांबद्दल खानदेशातल्या माणसाला काही सांगू नये. यावल, चोपडा, शिरपूर. थाळनेरला तापीकाठी किल्ल्याचा उरलासुरला तट आहे, पाच मिनिटं थांबलो.

नंदुरबारला मंडीला आपला छोटा तंबू ठोकायलाही जागा सापडेना, इतकी प्रेतं पडलेली होती. हे नेमकं कुठे असेल याचा अंदाज आता बांधता येत नाही. शहर वाढलं. गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या होत्या, एकरच्या एकर लाल, आणि गाडीच्या काचा बंद असूनही आम्ही दोघे शिंकत होतो. एका पथारीवरच्या मुकादमाशी दाजींचं भावावरून जमलं, गावरान मिरची पोतंभर घेतली. मी त्यांना जाता जाता सांगितलं, की १६३६ च्या तहात मोगल आणि विजापूर यांनी निजामशाही वाटून घेतली आणि परांडा विजापूरकडेच राहील असं ठरलं.

"दोनदा वेढा घातला, आन् कागदावर सोडून दिला?"

"हो."

"मग तेवढी घोडी कशाला मारली," म्हणाले, आणि पोतं मागच्या सीटवर नीट बसतं का ते बघायला उतरले.